बडेबाबूंनी निवडलेला लॅपटॉप

श्रीकृष्ण दाणी यांना दिग्रसमध्ये दाणी म्हणून फारसं कोणी ओळखत नाही. बडेबाबू म्हटलं की रिक्षावाला थेट त्यांच्या फाटकासमोर आणून सोडतो. आमच्याकडे कार्यालयातल्या मुख्य लिपिकाला बडेबाबू म्हणतात, आणि निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी हे नाव त्यांच्या अंगावरून उतरलेलं नाही. मी सुनील राठोड. त्यांच्या हाताखाली सोळा वर्षं कारकुनी केली. कोणत्या खात्यात ते सांगत नाही, मला तिथं अजून नोकरी करायची आहे.

हा माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढचं ऐकून तुम्हाला त्यांचा राग येईल. मलाही येतो. मग त्यांच्या शेजारी बसून कागद टाईप करणाऱ्या माणसाचा त्याहून जास्त येतो, आणि तो माणूस मीच आहे.

बडेबाबूंनी गेल्या तीस वर्षांत एकही वस्तू दुकानात जाऊन, बोट दाखवून, ‘ही द्या’ म्हणून घेतली नाही. वस्तू घ्यायची म्हणजे तीन दुकानांची दरपत्रकं मागवायची, सही-शिक्क्यासकट. मग तुलनात्मक तक्ता करायचा : डावीकडे वस्तूचे गुण, उजवीकडे तीन दुकानांचे तीन रकाने. तक्त्यावर टिपणी लिहायची, टिपणीवर मंजुरी घ्यायची, आणि मग वस्तू. कार्यालयात हे ठीकच होतं. पण घरचा मिक्सर घ्यायलाही त्यांनी हेच केलं, आणि मिक्सर येईपर्यंत त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या बाईंनी, दीड महिना पाट्यावर वाटण वाटलं. आम्ही हसायचो. बाई आमच्यापेक्षा मोठ्यानं हसायच्या.

ही सवय त्यांना उगाच लागली नव्हती. बडेबाबू नोकरीत नवे असताना एका साहेबांनी तोंडी सांगितलं, “दाणी, बारा कपाटं आणून टाका,” आणि यांनी आणून टाकली. साहेब बदलून गेले. ऑडिट आलं, फाईल उघडली, तर आत दरपत्रकं नाहीत, तक्ता नाही, मंजुरीची सही नाही. साहेबांनी कानांवर हात ठेवले. दाणींची चौकशी नऊ वर्षं चालली, त्यातली दोन वर्षं ते निलंबित होते. कपाटं अजून आहेत आणि मजबूत आहेत, मीच ती रोज उघडतो. निलंबनाच्या त्या दोन वर्षांत त्यांनी घराबाहेर पडणं सोडलं होतं, लोकांना तोंड दाखवायची लाज वाटायची. मूलबाळ नव्हतं. घरात बोलणारं माणूस एकच, त्यांची बायको रत्नप्रभा. ती शाळेत शिकवायची. शाळेतून आली की हातपाय धुऊन समोर बसायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची, कोणत्या पोरानं काय उत्तर दिलं, हेडमास्तर कोणावर चिडले. हे नुसते ऐकत बसायचे. “तिच्या बोलण्यावर मी जगलो,” हे मी बडेबाबूंकडून चार-पाच वेळा तरी ऐकलं आहे, आणि एरवी हा माणूस असलं काही बोलणाऱ्यांतला नाही.

बाईंचा आवाज मलाही ठाऊक होता, बडेबाबूंच्या आधीपासून. आठवीत त्या मला मराठी शिकवायला होत्या. मी आमच्या बंजारा तांड्यावरून चालत शाळेत यायचो. वर्गात सात राठोड, त्यामुळे बाकीचे मास्तर ‘ए राठोड’ म्हणून कोणालाही उठवायचे. बाई हजेरी घ्यायच्या ती पूर्ण नावानं. “राठोड सुनील शंकरसिंग.” आवाज गोड वगैरे नव्हता, चांगला भरीव होता, रस्त्यावरच्या माणसानं वळून बघावं असा. माझ्या बापाचं नाव त्या शाळेत इतक्या मानानं दुसऱ्या कोणी घेतलं नाही.

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास बाईंची जीभ जड झाली. ‘र’ नीट येईना, बोलताना शब्द एकमेकांवर सांडायला लागले. आधी दातांच्या डॉक्टरकडे गेले, मग बीपीच्या. शेवटी नागपूरला नेलं, मी सुट्टी टाकून सोबत गेलो होतो. तिथल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, नसांचा आजार आहे, स्नायू एकेक करून काम थांबवतील, सुरुवात जिभेपासून झाली आहे. औषध नाही. बडेबाबूंनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा डॉक्टरांनी तेच सांगितलं.

तिथंच वाचा-उपचार करणारी मिताली नावाची तरुण मॅडम होती. तिनं मात्र हाताशी धरण्यासारखं एक काम दिलं. म्हणाली, बाईंचा आवाज जाणार आहे, पण अजून गेलेला नाही. रोज लागणारी वाक्यं त्यांच्या स्वतःच्या आवाजात लॅपटॉपवर भरून ठेवा. एक प्रोग्रॅम आहे, त्यात प्रत्येक वाक्याचं एक बटण तयार होतं. पुढं बोलता आलं नाही तरी बटण दाबलं की त्यांच्याच आवाजात वाक्य ऐकू येईल. मात्र दोन महिन्यांच्या आत सुरू करा, त्यानंतरचं मी सांगू शकत नाही. हे सगळं तिनं कागदावर लिहूनही दिलं. बडेबाबूंनी विचारलं, लॅपटॉप कोणता घ्यायचा? ती म्हणाली, कुठलाही चांगला चालेल, तुमच्या गरजेनुसार बघून घ्या.

तुमच्या गरजेनुसार बघून घ्या. बिचारीचा काही दोष नाही, सगळ्या जगाला हेच सांगतात. पण हे वाक्य तिनं कोणाला सांगितलं ते तिला माहीत नव्हतं, आणि मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो तर फाईल तयार. वर वळणदार अक्षरात विषय : ‘सौ. रत्नप्रभा दाणी यांचेकरिता लॅपटॉप खरेदीबाबत’. आत पहिला कागद गरजपत्रक. बडेबाबू पेन घेऊन बाईंसमोर बसले होते आणि गरजा विचारत होते. बाईंना हसू आवरत नव्हतं. तेव्हा त्या बोलत होत्या, जरा जड, पण सगळं कळायचं. म्हणाल्या, “मला बोलायचंय. एवढंच लिहा आणि सही करा.”

बडेबाबूंनी लिहिलं : गरज क्रमांक एक, आवाज स्वच्छ टिपणारा माईक. मग दोन, तीन, चार करत अकरापर्यंत गेले. खोटं कशाला बोलू, ते गरजपत्रक फार चांगलं होतं. बाईंच्या मांडीवर राहील इतकंच वजन हवं. बोटांतली ताकद पुढं जाणार, म्हणून पडद्याला नुसता स्पर्श केला तरी चालायला हवं. अक्षरं चष्म्याशिवाय दिसतील एवढा पडदा हवा, पण पडदा मोठा झाला की वजन वाढतं, तेव्हा दोन्हींचा मेळ बसायला हवा. लाईट गेली तरी पाच-सहा तास बॅटरी टिकावी. बटण दाबल्यावर वाक्य लगेच यायला हवं, वाट बघायला लागू नये, म्हणून मेमरी आठ की सोळा हे नीट तपासावं. बिघडला तर दुरुस्ती यवतमाळात व्हावी, नागपूरला धावावं लागू नये. गावात लॅपटॉप घेणारे घेतात ते रंग बघून, नाहीतर मेहुणा म्हणाला म्हणून. या माणसानं बायकोच्या पुढच्या पाच वर्षांतलं एकेक दुखणं आधीच डोळ्यांसमोर आणून त्याच्यासाठी लॅपटॉप शोधायला घेतला होता. मी ते टाईप करताना मला त्यांचा अभिमान वाटत होता.

टिपणी मंजूर करायला वरिष्ठ कोण, हा प्रश्न होता. बडेबाबूंनी ती बाईंपुढे ठेवली. बाईंनी वहीवर हात टेकवून शेरा मारला : ‘मंजूर. लवकर करा.’ आणि खाली शाळेत मारायच्या तशी लांब शेपटीची सही.

दिग्रसच्या दुकानानं तीन दिवसांत दरपत्रक दिलं. यवतमाळचं यायला दोन आठवडे लागले, कारण दुकानदाराला शिक्का सापडत नव्हता. तिसरं पुसदहून मागवलं होतं. पुसदवाला फोनवर म्हणाला, आजकाल कोटेशन कोण देतं, साहेब, मोबाईलवर भाव बघून घ्या. मी बडेबाबूंना मोबाईलवर भाव दाखवलेही. ते म्हणाले, याच्यावर सही कुठं आहे? दोन वेळा ते स्वतः एसटीनं पुसदला जाऊन आले. पैशांचा कंजूषपणा म्हणाल तर अजिबात नव्हता. लागेल तेवढं घालायची तयारी होती, जास्तीचंही. पण तीन म्हणजे तीन.

तोवर बाई त्यांच्या बाजूनं कामाला लागल्या होत्या. शाळेच्या लांब वहीत त्या वाक्यं लिहीत होत्या, भरायची म्हणून. आधी गरजेची : मला पाणी हवंय, पंखा कमी करा, कूस बदलायचीय. मग हळूहळू वही घरगुती होत गेली. ‘अहो, स्वेटर घाला.’ ‘फोडणी जळतेय.’ ‘तुम्ही जेवलात का, खरं सांगा.’ ‘हे तुम्ही मला परवाच सांगितलंत.’ एक वाक्य माझ्यासाठीही होतं, हजेरीचं. मला ते दाखवून त्या डोळे मिचकावून हसल्या होत्या. दोनशेच्या वर वाक्यं झाली, प्रत्येकाला अनुक्रमांक, ते काम बडेबाबूंचं.

आता ज्याच्यासाठी मी हे सांगतो आहे ते येतं. मितालीमॅडमच्या कागदावर आणखी एक ओळ होती : फार बोलून थकवू नये. मॅडमचं म्हणणं साधं होतं, दम लागला की थांबा. पण कागदावर लिहून आलेली गोष्ट बडेबाबूंच्या हातात पडली की तिचा आदेश होतो. आमच्या कार्यालयात चांगला कागद आला की तो कपाटात जातो आणि रोजची कामं पाठकोऱ्या कागदावर चालतात, चांगला कागद साहेबांच्या दौऱ्यासाठी राहतो. बडेबाबूंनी चाळीस वर्षं असाच साठा जपला होता. तसाच त्यांनी बाईंचा आवाज जपायला घेतला. लॅपटॉप येईपर्यंत बोलायचं नाही. जे हवं ते पाटीवर लिहायचं. राहिलेला सगळा आवाज त्या दोनशे वाक्यांसाठी.

मी तिथंच होतो. बाई म्हणाल्या, “अहो, मग तुमच्याशी बोलेल कोण?”

“थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे,” बडेबाबू म्हणाले. “मग आयुष्यभर बोलशील.”

बाईंनी का ऐकलं, हे मला आजही कळत नाही. सबंध वर्गाला गप्प करणारी बाई, त्यांना कोण गप्प करणार होतं? मला वाटतं, निलंबनातला नवरा त्यांनी पाहिला होता. आत्ता फाईल हातात आहे म्हणून हा माणूस उभा आहे, हे त्यांना दिसत असणार. फाईल काढून घेतली तर तो खाली बसेल, आणि पुन्हा उठवायला या वेळी त्यांच्याकडे बोलणं नव्हतं. त्यांनी पाटी घेतली.

त्यानंतर त्या घरात जायला मला नको व्हायचं. बाई ओट्याशी, बडेबाबू टेबलाशी, मधे पाटी जा-ये करायची. मी एकदा बोलून पाहिलं. म्हटलं, “बडेबाबू, लॅपटॉप येईल तवा येईल. माह्या मोबाईलमधी भरून ठेवू ना काही वाक्यं. आत्ताच. माईक बरा हाये त्याचा.”

त्यांनी नीट विचार केला, उडवून नाही लावलं. म्हणाले, “ते कच्चं काम होईल. कच्च्यावरून पक्कं करायचं म्हणजे तिला दोनदा बोलावं लागेल. तेवढा आवाज तिच्याकडे नाही, सुनील.”

मला ते पटलं. सोळा वर्षं मीही कच्चं आणि पक्कंच करत आलो होतो. मी मोबाईल परत खिशात ठेवला. दारात उभ्या असलेल्या बाईंनी ते पाहिलं आणि त्या ओट्याकडे वळल्या.

तांड्यावर गेलो तेव्हा हे सगळं मी याडीला सांगितलं. याडी म्हणजे आई, आमच्या गोर बोलीत. माझी याडी मोतीबाई, तांड्यातल्या लग्नांत गाणं धरायला अजून तिलाच बोलावतात. ती ऐकून घेत राहिली आणि म्हणाली, “आवाज का कोठीतली जवारी हाये का रे, ठेवली तं पुरन? कायले गप्प बसवलं त्या बाईले?”

“तुले नाई समजत, याडी,” मी म्हटलं. “मशीनचं काम हाये ते.”

आठवलं की माझं मलाच थोबाडीत मारावंसं वाटतं.

पुसदचं दरपत्रक दसऱ्याच्या आधी आलं. तीन झाली. मी तक्ता टाईप करायला बसलो आणि घोळ लक्षात आला. दिग्रसवाल्यानं लहान पडद्याच्या लॅपटॉपचा दर दिला होता, यवतमाळवाल्यानं मोठ्याचा, आणि पुसदवाल्याच्या लॅपटॉपचा पडदा स्पर्शानं चालणाराच नव्हता. तुलना सारख्या वस्तूंचीच करायची असते. बडेबाबूंनी तिन्ही दरपत्रकं बाजूला ठेवली आणि गरजपत्रक जोडून नव्यानं मागवायची ठरवली. दुसरी टिपणी बाईंकडे गेली. या वेळी नुसतं ‘मंजूर’ आलं, आणि त्यातला ऊकार घसरून खालच्या ओळीवर गेला होता.

मी त्या दिवशी वैतागलो. “आता काहून थांबता, बडेबाबू? यवतमाळवाल्याचा चांगला हाये. मी उद्या जातो अन् आणून टाकतो.”

त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी काय बोललो ते मला बोलून झाल्यावर कळलं. ते म्हणाले, “हे शब्द माझ्यासमोर वापरू नकोस. कपाटांच्या वेळी माझं गेलं ते नोकरीतलं गेलं. हिच्या बाबतीत चुकीची वस्तू आली तर मी काय करू? चौकशी करायलासुद्धा कोणी येणार नाही.”

मी त्यांच्या पाया पडलो आणि नव्या पत्रांची पाकिटं चिकटवायला बसलो. स्वतः जाऊन लॅपटॉप घेऊन येण्यापासून मला कोणी अडवलं होतं? कोणी नाही. पगार होता, एसटी होती, दोन तासांचा रस्ता होता. पण बडेबाबूंच्या सहीशिवाय मी कधी टाचणी घेतली नव्हती.

नवी दरपत्रकं दिवाळी होऊन गेल्यावर पूर्ण झाली. तक्ता सुरेख जमला. अकरा गुण, तीन रकाने, यवतमाळचा लॅपटॉप अकरापैकी अकरा ठिकाणी बसला. तिसऱ्या टिपणीवर बाईंनी पेन टेकवलं आणि एक रेघ ओढली, तीच मंजुरी. आठवड्यानं आम्ही दोघं यवतमाळला गेलो. बडेबाबूंनी दुकानात दोन तास एकेक गोष्ट तपासून तक्त्यावर खुणा केल्या. दुकानदारानं माईकसमोर हळू बोलून दाखवलं, श्वासासकट ऐकू आलं. परतीच्या एसटीत त्यांनी खोका मांडीवरून खाली ठेवला नाही. वाटेतलं दारव्हा गाव मागं गेल्यावर मला म्हणाले की घेतल्याचं समाधान आहे, अगदी तिच्याजोगा मिळाला.

रविवारी सकाळी दहाला आम्ही सुरू केलं. बाईंनी स्नेहसंमेलनाला नेसायच्या ती निळी साडी नेसली होती. माझ्या मोबाईलवर मितालीमॅडम व्हिडिओत होती, मी प्रोग्रॅम टाकून ठेवला होता. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. बडेबाबूंनी वही उघडून धरली आणि अनुक्रमांक एकवर बोट ठेवलं. मला पाणी हवंय.

बाईंनी श्वास घेतला आणि तोंड उघडलं. आवाज आला, पण शब्द आला नाही. ‘आ’ सारखं काहीतरी सुरू झालं आणि मिटलंच नाही, ओठ एकमेकांपर्यंत पोचेनात. बडेबाबूंनी बोट दोनवर नेलं. तेच. तीनवर नेलं. बाईंच्या हनुवटीवरून लाळ आली, त्यांनी ती पदरानं पुसली आणि पुन्हा तोंड उघडलं. अकरा वाक्यांपर्यंत त्या थांबल्या नाहीत. मी वाजवून पाहिलं. लॅपटॉपनं सगळं स्वच्छ टिपलं होतं, आत ओढलेला श्वास, गिळलेला आवंढा, सगळं.

मितालीमॅडमनं हळूच विचारलं, “यांनी शेवटचं पूर्ण वाक्य कधी म्हटलं होतं?”

बडेबाबूंनी सवयीनं फाईल उघडली आणि तारीख शोधायला लागले. फाईलमध्ये प्रत्येक दरपत्रकाची तारीख होती, पाठवल्याची आणि मिळाल्याची. ते पुढं मागं पानं उलटत राहिले. बाईंनी पाटी ओढून घेतली, लिहायला त्यांना खूप वेळ लागला, आणि आमच्याकडे फिरवली. ‘दसऱ्याला. देवघरात. कोणी नव्हतं.’

मॅडमनं कोणाला दोष दिला नाही. म्हणाली, आजार आमच्या अंदाजापेक्षा भरभर गेला, त्या बोलत राहिल्या असत्या तरी आवाज जाणारच होता. हे खरं आहे, आणि याचा काही उपयोग नाही. पाटी आल्यापासून दसऱ्यापर्यंत तो आवाज घरात होता, एवढंच मला त्यातून ऐकू आलं. त्या दिवसांत त्यांनी तो कोणाशीच वापरला नाही, कारण आम्ही नको म्हटलं होतं.

मी निघालो तेव्हा बडेबाबू फाटकापर्यंत आले. “तक्त्यात काही राहून गेलं का रे आपल्या?”

“नाही, बडेबाबू. तक्ता बरोबर होता.”

पंधरा दिवसांनी मॅडमचा फोन आला. म्हणाली, त्यांचा आवाज नाही तर दुसऱ्या कोणाचा भरा, निदान बटणांवर बोलता तरी येईल. माझी बायको वर्षा लगेच तयार झाली, तिनं एक ओळ वाचूनही दाखवली. बडेबाबू ऐकून घेऊन म्हणाले की परक्या बाईचा आवाज त्या घरात बोलणार नाही. वही घेऊन ते तीन दिवस दुपारी स्वयंपाकघराचं दार लावून बसले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी वाक्यं त्यांनी स्वतः भरली. मी नंतर बटणं लावायला बसलो तेव्हा ऐकलं. हाताखालच्या माणसाला पत्र सांगावं तसं, एका सुरात, एकही शब्द न गाळता : अहो, स्वेटर घाला. फोडणी जळतेय. राठोड सुनील शंकरसिंग.

बटणं लावून झाली त्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉप बाईंच्या मांडीवर ठेवला. वजन बरोबर होतं, पडदा बोटाच्या हलक्या स्पर्शानं चालत होता. बाईंनी उजव्या हाताचं एकच बोट उचललं आणि पहिलं बटण दाबलं. बडेबाबूंच्या आवाजात लॅपटॉप म्हणाला, मला पाणी हवंय. बडेबाबू पळत गेले आणि भांडं घेऊन आले. आम्ही तिघंही थोडं हसलो, बाई नुसत्या डोळ्यांनी.

मग त्या पानं सरकवत राहिल्या. बोट थांबायचं, थरथरायचं, पुन्हा सरकायचं. शेवटच्या पानावर एकच बटण होतं. ते वाक्य मी बटण लावताना पाहिलं होतं. वहीत ते त्या रविवारनंतर लिहिलेलं होतं, वाकड्या, फुटलेल्या अक्षरांत, आणि त्याला अनुक्रमांक बाईंनी स्वतःच घातला होता. बडेबाबूंनी ते बंद दारामागं वाचलं असणार, आणि बाकीच्यांसारखंच भरलं असणार.

बाईंनी ते दाबलं. बडेबाबूंचा आवाज बडेबाबूंना म्हणाला, “अहो, माझा तुमच्यावर राग नाही.”

बडेबाबू भांडं हातात धरून उभे होते. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग माझ्याकडे.

“हे मीच म्हणतोय रे, सुनील,” ते म्हणाले. “तिनं म्हटलं असतं तर मी मानलं असतं.”

बाईंनी मान हलवायचा प्रयत्न केला, ती हलली नाही. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. त्याच सुरात तेच वाक्य आलं. बडेबाबूंनी भांडं खाली ठेवलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. मी खुर्चीत बसून राहिलो. बाई दाराकडे बघत बटण दाबत होत्या, आणि दर वेळी बडेबाबूच बोलत होते.